कोकणात उतरायचं कुठे?

कोकणची सहल ठरली की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा. कोकणकन्या मिळते का बघ, नाहीतर ट्रॅव्हल्सने जाऊ, नाहीतर आपलीच कार काढू. माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न उतरायचं कुठे, आणि उतरल्यावर समुद्रापर्यंतचे तीस-चाळीस किलोमीटर कसे कापायचे. मुंबई ते कुडाळ झोपेत जाता येतं. कुडाळ ते देवबाग मात्र जागेपणी, सामान आणि पोरं सांभाळत जायचं असतं, आणि सहलीतली बहुतेक चिडचिड याच टप्प्यात होते.

याचं कारण भूगोलात आहे. कोकणची किनारपट्टी नकाशावर सलग दिसते, पण आहे फणीसारखी. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळता मिळता रुंद खाडी होते आणि किनाऱ्याचे तुकडे पाडते. सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची. मग भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा, कर्ली आणि शेवटी गोव्याच्या वेशीवर तेरेखोल. रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्ग या खाड्यांची रुंद मुखं टाळून आतल्या अंगाने गेलेले आहेत. त्यामुळे आतून उत्तर-दक्षिण जाणं सरळ, तिथून समुद्राकडे उतरणं वळणावळणाचं, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाणं तर त्याहून वेळखाऊ.

म्हणून आधी दोन-तीन खाड्यांमधला एक तुकडा निवडा आणि तिथेच मुक्काम ठोका. दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर हा एक तुकडा. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दापोली हा दुसरा. गुहागर-वेळणेश्वर-हेदवी तिसरा. गणपतीपुळे-रत्नागिरी-पावस चौथा. देवगड-कुणकेश्वर, मालवण-तारकर्ली आणि वेंगुर्ले-शिरोडा हे दक्षिणेकडचे. चार दिवसांत दिवेआगरपासून तारकर्लीपर्यंत सगळं उरकायला निघालेली मंडळी दिवसाचे सहा-सात तास गाडीत काढतात आणि संध्याकाळी हॉटेल शोधत फिरतात. चार दिवस असतील तर एक तुकडा, आठवडा असेल तर फार तर दोन.

स्टेशन आणि समुद्र

तुकडा ठरला की स्टेशन आपोआप ठरतं. दिवेआगर-श्रीवर्धनला माणगाव, दापोली-हर्णैला खेड, गुहागरला चिपळूण, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, देवगडला कणकवली किंवा नांदगाव रोड, मालवणला कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. खेडहून दापोली आणि रत्नागिरीहून गणपतीपुळे तीस किलोमीटरच्या आतबाहेर आहे. चिपळूण-गुहागर आणि कणकवली-देवगड पंचेचाळीस-पन्नासच्या घरात जातं. या रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरचा हिशोब धरावा. मोबाइलवरचा नकाशा याहून कमी वेळ दाखवतो, कारण समोरून एसटी आली की कुणाला तरी मागे घ्यावी लागते हे त्याला कळत नाही.

स्टेशन गावात असतंच असंही नाही. कणकवली आणि कुडाळला गाव जवळ आहे. स्टेशनबाहेर चहा पिऊन रिक्षाने पाच-दहा मिनिटांत एसटी स्टँड गाठता येतो. रत्नागिरीचं स्टेशन शहरापासून पाचसहा किलोमीटर आत, कुवारबावकडे. सावंतवाडी रोड मळगावात आहे, सावंतवाडी तिथून बरीच लांब. राजापूर रोडला उतरलेल्या माणसाला खुद्द राजापूर गाठायला आणखी पंधरा-वीस किलोमीटर जावं लागतं. रात्री दोन-तीन वाजता उतरणारी गाडी निवडताना हे लक्षात ठेवा. छोट्या स्टेशनावर त्या वेळी एखाद-दुसरी रिक्षा असते, आणि तुमच्या डब्यातून उतरलेले आणखी चौघं तिच्याच दिशेने निघालेले असतात. मुक्कामाच्या घरमालकांना आदल्या दिवशी फोन करून ओळखीचा रिक्षावाला ठरवून ठेवायला सांगावं. कोकणात हे सर्रास होतं, आणि भाडं आधीच कळतं.

गाड्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. वीरपर्यंत आता दुहेरी रूळ आहेत, पुढे बहुतेक सगळा मार्ग अजून एकेरी. एकेरी मार्गावर क्रॉसिंग आलंच, त्यामुळे एखाद्या लहानशा स्टेशनावर गाडी वीस मिनिटं उभी राहिली तर घाबरण्यासारखं काही नसतं. पण पुढची एसटी किंवा फेरीबोट अगदी वेळेला वेळ लावून धरू नये. दीड-दोन तासांची ऐस ठेवावी.

रात्रीची कोकणकन्या नोकरदारांची लाडकी, कारण सकाळी पोहोचून दिवस हाती लागतो. मांडवी दिवसाची. पहिल्यांदा जाणाऱ्याने मांडवीनेच जावं असं माझं मत आहे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीच्या पुढचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल रात्रीच्या गाडीतून कोण बघणार? शिवाय मांडवीच्या पँट्रीतलं खाणं लोक आवडीने खातात. दादरहून सुटणारी तुतारी सावंतवाडीपर्यंतच जाते आणि मधली बरीच स्टेशनं घेते, म्हणून गावच्या माणसाला ती सोयीची. तिची एक खोच ध्यानात ठेवा: ती मध्यरात्री बाराच्या नंतर सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढावं लागतं. शुक्रवारचं तिकीट घेऊन शुक्रवारी रात्री दादरला पोहोचणारा माणूस गाडीला चोवीस तास उशिरा आलेला असतो.

वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली. वेगवान आहे, स्वच्छ आहे, पण पनवेलनंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती खेड, रत्नागिरी आणि कणकवली एवढ्याच ठिकाणी थांबते. चिपळूण किंवा कुडाळला जाणाऱ्याने तिच्यात वाचवलेला वेळ पुढच्या रिक्षात खर्च होतो का, हे आधी मोजावं. उलट दिव्याहून सुटणारी सावंतवाडी गाडी बहुतेक लहान स्टेशनांवर थांबते. झाराप, सापे वामने अशा ठिकाणी कुणाच्या घरी जायचं असेल तर ती सोयीची. निव्वळ पर्यटकाने मात्र तिच्यात दिवस घालवू नये.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, त्याआधी ते एकशेवीस दिवस होतं. मे महिना, दिवाळी आणि नाताळच्या तारखा असतील तर साठाव्या दिवशी सकाळी आठला बसायला हवं. गणपतीची गोष्ट वेगळीच, ती पुढे.

पुणेकरांनी थेट गाडीची वाट पाहण्यापेक्षा पनवेलला यावं आणि तिथून गाडी धरावी, किंवा सरळ घाट उतरावा.

तिठ्यावर पहाटे चार वाजता

खासगी स्लीपर बस मुंबई-पुण्याहून मालवण, देवगड, सावंतवाडीपर्यंत रोज रात्री सुटतात. त्या सगळ्या किनाऱ्यापर्यंत जात नाहीत. बऱ्याच महामार्गावरच सोडून पुढे गोव्याला निघतात, आणि तुम्ही पहाटे चारला डोळे चोळत एखाद्या तिठ्यावर उभे असता. म्हणून तिकीट काढताना ‘मालवण’ असं नुसतं न बघता उतरण्याचं ठिकाण नीट वाचा. रत्नागिरीसाठी हातखंबा तिठा, गणपतीपुळ्यासाठी निवळी फाटा, खेड-दापोलीसाठी भरणे नाका, गुहागरसाठी चिपळूणचा बहादूरशेख नाका, देवगडसाठी नांदगाव तिठा, मालवणसाठी कसाल ही नावं पाठ असलेली बरी. नाक्यांवर पहाटे चहाची टपरी आणि रिक्षा बहुधा असतात, आडफाट्यावर काहीच नसतं. नवा महामार्ग झाल्यापासून काही बस उड्डाणपुलावरून जातात आणि खाली गावात उतरतच नाहीत, तेव्हा क्लीनरला रात्री चढतानाच सांगून ठेवा. भाडं सणासुदीला चढतं, पण एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा सरकारी नियम आहे. त्याच्या पलीकडे मागितलं तर आरटीओकडे तक्रार करता येते.

एसटीच्या रातराण्या आणि शिवशाही मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवलीहून सुटतात, आणि त्यांचा मोठा गुण असा की त्या स्टँडवर सोडतात. स्टँडवर उजेड असतो, बाकडं असतं, चौकशीची खिडकी असते आणि पहिली गावगाडी तिथूनच सुटते. एकट्या बाईमाणसाने किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने महामार्गावरच्या तिठ्यापेक्षा स्टँड पसंत करावा. शिवाय राज्यात महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं. वयाचा पुरावा जवळ हवा.

आपली गाडी, आणि घाट कुठला

मुंबईहून कारने जाणाऱ्याला महामार्गाचं रडगाणं सांगायला नको. चौपदरीकरण वर्षानुवर्षं चालू आहे. खारेपाटणच्या दक्षिणेला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यात, रस्ता सुरेख झालेला आहे. कशेडी घाटाला बोगदा झाल्यापासून पोलादपूर-खेडचा त्रासही बराच कमी झाला. त्रास उरतो तो पनवेल ते माणगावच्या दरम्यान, आणि सुट्टीच्या दिवशी माणगाव-इंदापूरच्या बाजारातून जाताना. उपाय एकच, पहाटे चारच्या आत घर सोडणं. सहाला निघालेला माणूस सगळ्यांच्या बरोबर अडकतो. सिंधुदुर्गात जाणारे बरेच जण द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कोल्हापूर करून घाट उतरतात. अंतर वाढतं, पथकर वाढतो, पण हात-पाय शाबूत राहतात.

घाटावरून येणाऱ्यांनी घाट निवडताना मुक्कामाचं गाव पाहावं. पुण्याहून दिवेआगर-श्रीवर्धनला ताम्हिणी. कराडहून चिपळूण-गुहागरला कुंभार्ली. कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाट. देवगडकडे जायचं तर गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरला की कणकवली आणि पुढे मालवण. बेळगाव-आजऱ्याकडून आंबोली, म्हणजे सावंतवाडी-वेंगुर्ले. भोरहून महाडला उतरणारा वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो, त्याच्या भरवशावर जुलैचा बेत आखू नये. पावसाळ्यात कुठलाही घाट निघण्याआधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारावा. ओळखीचं कुणी नसेल तर मुक्कामाच्या घरमालकांना तरी माहीत असतंच. आंबोलीत जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्याजवळ गाड्यांची रांग लागते. सकाळी नऊच्या आत उतरून जावं, नाहीतर दुपारपर्यंत धुक्यात आणि कणसाच्या धुरात बसावं लागतं.

किनाऱ्याजवळचे रस्ते निराळे. सड्यावर रस्ता सरळ आणि मोकळा. मग एकदम उतार लागतो, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि तळाशी माडांत वाडी. मोठ्या सात आसनी गाडीचा इथे अभिमान गळून पडतो. नकाशावरची निळी रेघ जवळची वाट म्हणून अशा पाखाडीत घालते. समोर कुणी दिसलं तर काच खाली करून विचारा, लोक आनंदाने सांगतात. पेट्रोल तालुक्याच्या गावातच भरून घ्या. आणि काहीही झालं तरी पुळणीवर गाडी घालू नका. वाळू वरून घट्ट दिसते, चाक एकदा फिरलं की रुतते, भरतीचं पाणी काही थांबत नाही आणि शेवटी गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरुड, कर्दे, गुहागरला दर सुट्टीत कुणी ना कुणी हे करतंच. बऱ्याच किनाऱ्यांवर याला बंदी आहे आणि पोलीस गुन्हा दाखल करतात.

फेरीबोट

गाडी असो, मोटरसायकल असो की नुसतं पायी, कोकणात फिरण्याची खरी किल्ली फेरीबोट आहे. लोक हिला जंगलजेट्टीही म्हणतात. दाभोळ-धोपावे ही २००३ साली सुरू झाली आणि तिच्या मागोमाग बाणकोट खाडीवर बागमांडला-वेश्वी, जयगड खाडीवर तवसाळ-जयगड आणि राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या आल्या. या चार बोटींमुळे मुरुड-जंजिऱ्यापासून रत्नागिरीपर्यंत महामार्गाचं तोंडही न बघता जाता येतं.

हिशोब करून बघा. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण करून शंभरेक किलोमीटरची फेरी. तेच दाभोळला उतरून बोटीने धोपाव्याला गेलात तर पंचेचाळीसच्या आसपास किलोमीटर आणि वर दहा-पंधरा मिनिटांचं पाणी. हरिहरेश्वरहून केळशी-आंजर्ल्याला जाताना बागमांडल्याची बोट हुकली तर म्हाप्रळ-मंडणगडाकडून मोठा वळसा पडतो. गुहागरहून गणपतीपुळ्याला मात्र दोन चांगल्या वाटा आहेत: तवसाळ-जयगड बोट, किंवा आबलोलीवरून भातगावच्या पुलाने जाकादेवी. बोटीसमोर वाहनांची मोठी रांग असेल तर पुलाची वाट धरावी.

बोटीवर चढण्याची एक रीत आहे. जेट्टीवरच्या टपरीत तिकीट काढायचं. वाहनाचं वेगळं, माणसांचं वेगळं. बोट लागली की पुढची लोखंडी फळी सिमेंटच्या उतारावर आपटते, आधी आतल्या गाड्या बाहेर येतात, मग खलाशी हाताने खुणा करत एकेक गाडी आत घेतो. काही वेळा गाडी रिव्हर्समध्येच चढवावी लागते. ज्याला ते जमत नाही त्याने मुकाट्याने चावी जमणाऱ्याच्या हाती द्यावी. आरसे मिटायचे, हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची. राहिलेल्या फटींत मोटरसायकली शिरतात. ओहोटीला उतार तीव्र होतो आणि शेवाळ्याने निसरडा असतो. दुचाकीवर मागे बसलेल्याने खाली उतरून चालत जावं. गाडी लागली की तीत बसून राहू नका, कठड्याशी या: दाभोळला किनाऱ्यालगतची जुनी मशीद पाण्यावरून बघायला मिळते.

पहिली बोट सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास, आणि अंधार पडल्यावर फेऱ्या विरळ होतात. शेवटची किती वाजता हे त्या दिवशी, त्याच जेट्टीवर फोन करून विचारावं. पावसाळ्यात वारा उठला तर बोट बंद ठेवतात, त्याला इलाज नाही.

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गाची कल्पना तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची. मोठ्या खाड्यांवरचे पूल झाले की या बोटींची गरज उरणार नाही असं म्हणतात. काही पुलांची कामं चालू आहेत. तोवर हा महामार्ग म्हणजे तुकडे जोडत जायची वाट आहे, हे समजून घ्यावं. त्यातले काही तुकडे मात्र अप्रतिम आहेत; रत्नागिरी ते गणपतीपुळे जाताना महामार्गाकडे न वळता आरे-वारेच्या किनाऱ्यानेच जा.

दक्षिणेकडे लहान होड्या आहेत. देवबागच्या टोकाला उभं राहिलं की कर्लीच्या मुखापलीकडे भोगवे दिसतं. होडीने ते काही मिनिटांवर, गाडीने मात्र खाडीला मोठा वळसा. गाडी देवबागला ठेवून होडीने जाऊन यावं हे शहाणपण.

हाताशी गाडी नसेल तर

गावगाडीवर फिरणं अगदी शक्य आहे, फक्त तिची चाल समजायला हवी. बहुतेक गावांत रात्री वस्तीची गाडी येते आणि पहाटे सहाच्या सुमारास तालुक्याला परत जाते. मग शाळा-कॉलेजच्या वेळेची एक, दुपारी बाजारची एक, संध्याकाळी परतीची. मधले तास कोरडे. शाळांना सुट्टी लागली की यातल्या काही फेऱ्या बंद होतात, आणि पर्यटक नेमके तेव्हाच येतात. स्टँडवरच्या फळ्यावर विश्वास ठेवू नका, खिडकीवर विचारा, आणि खिडकीवर विचारून झालं की शेजारच्या कँटीनवाल्यालाही विचारा. गर्दीच्या दिवसांत त्याचं उत्तर जास्त खरं निघतं. बरेच दिवस फिरणार असाल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो.

एसटीच्या मधल्या रिकाम्या वेळा सहाआसनी आणि मॅजिक भरून काढतात; अलिबाग-मुरुडकडे त्यालाच मिनीडोर म्हणतात. ती भरल्याशिवाय सुटत नाही. घाई असेल तर उरलेल्या सीटांचे पैसे देऊन निघायला सांगा, तेही रिक्षापेक्षा स्वस्त पडतं. रिक्षाला बहुतेक ठिकाणी मीटर नाही. कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षावाला “खंय जावचा आसा?” म्हणून विचारेल. तेव्हाच ठिकाण, माणसं आणि ‘येऊन-जाऊन की नुसतं सोडायचं’ हे बोलून घ्या. परतीचं भाडं रिकामं येण्याचं धरलेलं असतं, हा लबाडीचा प्रकार नाही. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली तर मालवण-तारकर्ली-देवबाग किंवा गणपतीपुळे-मालगुंड-जयगड आरामात होतं, आणि वाटेत काय बघावं ते तोच सांगतो.

मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे या भागांत भाड्याच्या स्कूटरही मिळतात. दोघांसाठी याहून चांगलं वाहन नाही. ब्रेक आणि टायर बघून घ्या, गाडीवर आधीच असलेले ओरखडे मोबाइलवर टिपून ठेवा.

अलिबागपुरतं पाणी, आणि गोवा

मुंबईकरांना समुद्रानेच जायचं असेल तर गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा हा सोपा मार्ग. तासाभरात मांडवा, तिथून बोटकंपनीची बस अलिबागला सोडते, आणि तिचं भाडं बहुधा बोटीच्या तिकिटातच असतं. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात कार घालून नेता येते आणि मोठी असल्याने हवामान बरं असेल तर ती पावसाळ्यातही चालते. पेण-वडखळची कोंडी टाळायची तर सुट्टीच्या दिवशी हिचे पैसे वसूल होतात. मुंबईहून थेट जयगड-विजयदुर्गला अशीच बोट नेण्याच्या घोषणा झालेल्या आहेत. नियमित वेळापत्रक हाती पडेपर्यंत त्यावर बेत बांधू नका.

सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग या जलदुर्गांच्या होड्याही पावसाळ्यात बंद. जंजिऱ्याला राजपुरीप्रमाणेच दिघीहूनही होड्या जातात आणि तिथे गर्दी कमी असते.

विमानाने येणाऱ्यांसाठी सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पण तिथली सेवा मधूनमधून बंद पडत आली आहे. वेंगुर्ले, शिरोडा, सावंतवाडीला जाणाऱ्याने गोव्याच्या पेडणे तालुक्यातला मोपाचा विमानतळ धरावा. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटतात आणि बांदा तिथून अगदी जवळ आहे. दाबोळीला उतरलात तर नद्या ओलांडत सगळा उत्तर गोवा पार करावा लागतो.

गोव्यात शिरल्यावर नियम बदलतात. तिथे मुंबईतल्या अ‍ॅप-टॅक्सी नाहीत, त्यांच्या जागी गोवा माइल्स आहे, शिवाय स्टँडवरच्या टॅक्सी. पणजी-मडगाव असं जायचं असेल तर कदंबची विनाथांबा शटल सगळ्यात उत्तम: खिडकीवर तिकीट, रांग, आणि भरली की सुटली. एकट्या माणसाला कमी अंतरासाठी पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरचा ‘पायलट’ परवडतो. भाड्याची स्कूटर घ्याल तेव्हा काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. खासगी पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलीस अडवतात ते चालवणाऱ्याला. ती महाराष्ट्रात नेण्याची मुभा आहे का, हेही करारात बघा. दिवाडी, चोडण या बेटांना जाणाऱ्या सरकारी फेरीबोटींत पायी माणसाला तिकीट नाही. केरीहून तेरेखोलला जाणारी बोट ओहोटीला थांबते. तेरेखोलचा किल्ला गोव्याचा असला तरी खाडीच्या महाराष्ट्राकडच्या तीरावर आहे, त्यामुळे रेडी-शिरोड्याहून तिथे रस्त्यानेच जाता येतं.

पाऊस, गणपती, परतीची वाट

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. कित्येक वर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असं होतं. २०२५ साली १५ जून ते २० ऑक्टोबर ठेवलं. या काळात वेग कमी, सुटण्याच्या वेळा निराळ्या, वंदे भारतसारख्या गाड्यांच्या फेऱ्याही कमी. साठ दिवस आधी तिकीट काढलेल्यांनी निघायच्या आठवड्यात वेळ पुन्हा तपासावी. दरड आली तर गाड्या तासन्तास अडकतात, म्हणून खाऊ आणि पाणी जवळ ठेवावं.

गणपतीच्या आधीचे चार दिवस आणि शिमग्याचे दिवस चाकरमान्यांचे. तेव्हा गाड्या काही मिनिटांत भरतात, जादा गाड्या आणि जादा एसटी सोडूनही माणूस मावत नाही. कुणाच्या घरचं बोलावणं असेल तर जरूर जा, त्यासारखं दुसरं कोकण नाही. नुसतं फिरायला जायचं असेल तर त्या गर्दीत भर घालू नका. अनंत चतुर्दशीनंतरच्या पंधरवड्यात जा: भात पोटरीला आलेलं, रस्ते मोकळे, खोल्या स्वस्त.

परतताना रविवार संध्याकाळ टाळता आली तर टाळावी. सोमवारी पहाटे निघालेला माणूस दुपारी जेवायला घरी असतो. रविवारी चारला निघालेला माणगावच्या रांगेत जेवतो. मालवणहून कुडाळला गाडी पकडायची असेल तर तीन तास हाताशी ठेवून निघा, आणि मेमध्ये आंब्याच्या पेट्या असतील तर रिक्षावाल्याला तेही आधीच सांगा, म्हणजे तो मागे कॅरिअर असलेली रिक्षा आणेल.